भाता

रविवारी पावणेनऊला चॅपलचं दार मीच उघडते.
हडर्सफील्डची चढण, अंगात दोन स्वेटर,
ट्रॉलीबॅगेत पेटी, आठवड्याची भाजी ओढावी तशी.
आत बॉयलर खोकत असतो. बाकांवर
शनिवारच्या बाळगोपाळांनी सांडलेला बिस्किटांचा चुरा.
तो आधी झाडते.
खरं सांगायचं तर
कुणी बघत असलं की जरा जास्त नीट झाडते.

पेटी आप्पांची. जालन्याहून आणताना
जादा वजनाचे पैसे भरले.
काउंटरवरच्या बाईनं विचारलं, आत काय आहे?
म्हटलं, हवा.
ती हसली नाही.

आप्पा म्हणायचे, सुकृपा,
सूर उजव्या हाताचे, श्वास डाव्याचा.
माना डोलतात त्या सुरांना.
भात्याला कोण विचारतं?
मी नऊ वर्षांची. मला फक्त पट्ट्या दिसायच्या,
काळ्या, पांढऱ्या, आणि त्यांवर माझी बोटं.

परवा रात्री ड्यूटीवरून आले, झोप येईना,
म्हणून मागच्या उपासनेचं रेकॉर्डिंग लावलं.
तीन वेळा पाहिलं.
तीनही वेळा फक्त मलाच पाहिलं.
तिसऱ्यांदा लक्षात आलं:
दुसऱ्या कडव्याला मी डोळे मिटले आहेत,
चेहरा वर केला आहे,
आणि मान किंचित
कॅमेऱ्याच्या बाजूला.

लॅपटॉप बंद केला. चहा केला. प्याले नाही.

त्याच आठवड्यात डेझमंडला सुनावलं होतं
की तुझ्या गिटारमुळे भक्तिभाव मोडतो.
भक्तिभाव! मोडलं होतं ते माझं आलापाचं वळण.

आणि क्लिफर्ड. वय अठ्ठ्याऐंशी.
कापडगिरणीतल्या मागांनी त्याचे दोन्ही कान
चाळिशीतच नेले.
तो दर रविवारी काठी टेकत पुढे येतो,
माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतो,
आणि पेटीच्या लाकडावर तळवा ठेवतो.
मला ते आवडायचं नाही.
फ्रेममध्ये सारखा त्याचा हात यायचा,
सुरकुतलेला, नखं वाढलेली.

मागच्या रविवारी चहाच्या वेळी
तो माझ्या बाहीला हात लावून म्हणाला,
बहिऱ्यांच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात,
अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा:
पोरी, तुझ्या पेटीला डावीकडे धाप लागते.

सगळ्यांनी पाहिलं. मी कसंनुसं हसले.

घरी येऊन भाता उघडला.
घडीपाशी केसाएवढी चीर.
महिनोन् महिने तिथून श्वास गळत होता
आणि माझा कान सगळा वेळ
स्वतःच्या गळ्यापाशी बसलेला.

वॉर्डातली कागदी चिकटपट्टी होती पर्समध्ये,
सलाइनची सुई हातावर धरून ठेवते ती.
दोन पदर लावले. वर अंगठा दाबून
बराच वेळ बसले.
प्रार्थना म्हणावी असं काही सुचलं नाही.
नुसता अंगठा.

आज कीरनकडून पडद्यावरचे शब्द अडकले.
तिसरं कडवं येईचना,
लोक दुसरंच पुन्हा म्हणायला लागले,
पुन्हा, आणि पुन्हा,
मिसेस ॲक्रॉइड नेहमीसारख्या अर्धा सूर वर,
डेझमंड लयीच्या पुढे पळणारा.
मी त्याच्याकडे बघून मान हलवली,
चालव, तुझ्या चालीनं चालव.
गाणं थांबवलं माझं.
उजवा हात एका षड्जावर ठेवून दिला
आणि डाव्यानं नुसती हवा भरत राहिले.

हॉल गात होता. माझ्याकडे
कुणीसुद्धा पाहत नव्हतं.

हे मला कळलं,
म्हणजे पाहिलंच होतं मी, कुणी पाहतंय का.

प्रभू, हे असंच आहे.
चिकटपट्टी किती दिवस टिकेल ठाऊक नाही.
पण क्लिफर्डचा तळवा लाकडावर होता,
त्यानं डोळे मिटलेले,
आणि शेवटचा सूर विझल्यावरही
त्यानं हात उचलला नाही.
मीही भाता सोडला नाही.
आत अजून थोडी हवा होती.